खांबावरचं पोतं

रिठद गाव संपतं तिथं, डांबरी रस्त्याच्या अंगाला गिरजाबाईचं दीड एकराचं वावर आहे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, कधी चार सऱ्या वांगी. विहिरीला उन्हाळाभर पाणी असतं, त्यामुळे वावर कधी मोकळं पडत नाही. गिरजाबाई पंचावन्नची. बोलायला कमी, कामाला वाघ. तिची जुडी बाजारात ओळखू यायची. सगळी पानं एका तोंडाची, मुळं धुतलेली, दोऱ्याची गाठ एकाच बाजूला.

आधी त्या वावरात कपाशी होती. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा जगदेव वाऱ्याच्या तोंडाला उभा राहून फवारत राहिला आणि दिवस कलायच्या आत धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, आडवा झाला. तोंडातून लाळ, अंगभर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर एकच गोष्ट ओरडून विचारत होता, "कोणतं औषध होतं? बाटली आणली का?" बाटली कोणी आणली नव्हती. शेजारचा माणूस परत गावात जाऊन ती घेऊन आला तोवर तीन तास गेले होते. जगदेव वाचला, पण त्याचे हात अजूनही कप धरताना थरथरतात. त्यानंतर गिरजाबाईनं कपाशी बंद केली आणि भाजीपाला धरला. बाटलीत पाव भाग औषध उरलं होतं. ती तिनं प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून वावरातल्या कोठ्यात, अवजारं ठेवायच्या खोपटात, आढ्याला खोचून ठेवली. फेकून द्यायला मन होत नव्हतं, वापरायला हात धजत नव्हता.

एवढं पाहूनही तिची एक समजूत होती. औषधाची भीती ती फवारणाऱ्यासाठी बाळगायची. नाकातोंडात गेलं तर ते जीव घेतं. पानावर पडून वाळलं की संपलं, असं तिला वाटायचं. तिला कोणी वेगळं सांगितलं नव्हतं असं नाही. कपाशीचं औषध भाजीवर मारू नका, हे सांगायला शेतकऱ्यांच्या कंपनीनं दोन वेळा सभा घेतली होती. ती तिथं गेली होती, चहा पिऊन परत आली होती.

ही कंपनी त्या भागातल्या दोनेकशे भाजीवाल्यांनी मिळून काढलेली. मागच्या वर्षी कंपनीनं प्रत्येकाच्या वावरात एक खांब रोवला. वर हाताएवढी सोलरची पाटी, खाली एक डबी, बाजूला पानाच्या आकाराची पांढरी पट्टी आणि जमिनीत खुपसलेल्या दोन सळया. सळया मातीतली ओल सांगायच्या, पट्टी पानावरचं दव आणि पाणी सांगायची, पाटी ऊन किती पडलं ते सांगायची. खांब जे सांगेल ते सुनेच्या, निकिताच्या मोबाइलवर मराठीत यायचं. पाणी द्या, थांबा, रोग यायची शक्यता आहे. निकिता बारावी झालेली. तिचा नवरा, गिरजाबाईचा मुलगा हर्षल, अकोल्याला एका गोदामात कामाला. पंधरा दिवसांनी यायचा. तेव्हा मोबाइलचं सगळं काम निकिताकडे. कोणतं बी कधी टाकलं, काय फवारलं, भाजी कधी काढली, हे ती रोज भरायची. त्याच नोंदीवरून प्रत्येक क्रेटला चिकटवायची एक चौकोनी चिठ्ठी निघायची. चिठ्ठीवर मोबाइल धरला की गिरजाबाईचं नाव, गाव, वावर, फवारणीची तारीख, सगळं दिसायचं. पहिल्यांदा आपलं नाव तसं उमटलेलं पाहून गिरजाबाईनं पदरानं मोबाइलची काच पुसली होती.

त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवूनच तालुक्यातलं मुलींचं एक वसतिगृह कंपनीची भाजी घेऊ लागलं. गाडी दर सोमवारी आणि गुरुवारी यायची.

कार्तिक सरता सरता चार दिवस आभाळ राहिलं. ऊन नाही, थंडी नाही, नुसतं दमट. मंगळवारी सकाळी गिरजाबाईनं मेथीचं पान उलटून पाहिलं. मागून बारीक हिरवे किडे चिकटलेले. मावा. ती उभी राहिली तिथंच निकिता घरून हाक मारत आली.

"आई, खांबाचा मेसेज आला. मावा वाढून राह्यला म्हनते. आज निंबोळीचा अर्क मारा, चार दिवसानं अजून मारा, अन् मंगच भाजी काढा, असं हाये."

"चार दिवसानं? परवा गाडी येऊन राह्यली ना वं."

"मंग भागवतभाऊले फोन करतो. या गुरुवारी आपला माल नाही म्हनून सांगतो."

"राहू दे. पाहू."

भागवत हा कंपनीचा माणूस. बत्तीसेक वर्षांचा, फटफटीवर गावोगाव फिरून वावरं पाहायचा. मागच्या महिन्यात मावा निघाला म्हणून त्यानंच गिरजाबाईचे क्रेट परत पाठवले होते. मोबाइलवर तिच्या नावापुढं पिवळी खूण आली होती. दुसऱ्यांदा माल परत आला तर हंगामभर तिच्याकडे गाडी थांबणार नव्हती. गावातल्या चार बायांनी तेव्हा विचारलं होतं, "काहून बाप्पा, गिरजाबाईची भाजी वापस?" ते शब्द तिच्या मनातून गेले नव्हते. या गुरुवारी माल नाही म्हटलं तरी तेच पुन्हा ऐकावं लागणार होतं.

निकिता घरी गेली. गिरजाबाई कोठ्यात गेली आणि आढ्यात हात घातला.

बाटलीच्या कागदावरची लाल खूण अजून तशीच होती. तिनं नाकातोंडाला दुपट्टा गच्च बांधला. टाकीत पाणी भरलं. टोपणानं मोजलं नाही, अंदाजानं ओतलं, मावा जाड होता म्हणून वरून अजून थोडं. पंप पाठीवर घेतला आणि पहिल्याच वाफ्यापाशी थांबली. समोर खांब उभा होता. ती पांढरी पट्टी ओली झाली की कंपनीला कळतं, हे तिला माहीत होतं. काय कळतं, किती कळतं, हे माहीत नव्हतं. कदाचित वासही कळत असेल. कदाचित ती डबी पाहतही असेल. तिनं पंप खाली ठेवला, कोठ्यातून खताचं रिकामं पोतं आणलं आणि खांबावरून खालपर्यंत ओढलं. मग तीन टाक्या मारल्या. पानं वाळली तेव्हा पोतं काढून घडी करून ठेवलं.

घरी आल्यावर साबणानं दोनदा हात धुतले आणि निकिताला म्हणाली, "निंबोळी मारली. लिहून टाक."

"किती टाक्या?"

"तीन."

निकितानं लिहिलं.

गुरुवारी पहाटे भाजी उपटली. पानामागं एक किडा नव्हता. जगदेव आणि निकिता जुड्या बांधायला बसले. नऊ क्रेट भरले, सातच्या गाडीत गेले. भागवतनं पान उलटून पाहिलं आणि मान हलवली. "आता कसा माल पाठवला काकू तुमी!" गिरजाबाई हसली. दिवसभर तिला हलकं वाटत होतं.

दुपारी दोनच्या सुमारास निकिताचा मोबाइल वाजला. तो नेहमीचा आवाज नव्हता. लांबलचक, थांबून थांबून वाजणारा. निकितानं वाचलं, "आपल्या मालाची विक्री थांबवण्यात आली आहे. उरलेली भाजी काढू नये, जनावरांना घालू नये." पुढं मेथी लिहिलं होतं, आजची तारीख होती, गिरजाबाईचं नाव होतं.

"चुकून आलं असंन," निकिता म्हणाली.

जगदेवनं दोन जुड्या बकरीसाठी बाजूला ठेवल्या होत्या. गिरजाबाई उठली, बकरीच्या तोंडासमोरची मेथी ओढून घेतली आणि नुसतीच हातात धरून उभी राहिली.

अर्ध्या तासात भागवत आला. फटफटी स्टँडवर लावायचंही त्याला सुचलं नाही, भिंतीला टेकवली. त्याच्याकडे मोठा मोबाइल होता, वहीएवढा.

"काकू, बसा खाली. वसतिगृहातल्या पोरीईले उलट्या होऊन राह्यल्या. साडेदहाले जेवल्या, बारापासून सुरू झालं. अकरा जनी दवाखान्यात हायेत."

"माह्या मेथीनं?"

"अजून कोनी तसं म्हनलं नाही. पन भाजी मेथीचीच होती, अन् क्रेटवर तुमची चिठ्ठी हाये. नऊमधले सहा क्रेट तिथं गेले, तीन दोन दुकानात. मोबाइलवर दिसलं तसं दहा मिनटात दुकानवाल्याईले फोन केले. चार जुड्या इकल्या होत्या, त्याबी घरोघर जाऊन वापस आनल्या. नाहीतर कोनाची भाजी कुठं गेली हे पाहायलेच दोन दिवस गेले असते." एवढं बोलताना त्याच्या आवाजात थोडा अभिमान आला आणि लगेच विझला.

"डाक्टर काय म्हनतात?"

"जेवनातून काही झालं म्हनतात. पानी खराब असंन, नाहीतर शिळं काही. सलाइन लावले."

"अजून काय होऊन राह्यलं पोरीईले? उलट्याच?" गिरजाबाईनं विचारलं.

भागवतनं आठवून सांगितलं. "घाम लय येऊन राह्यला म्हने. तोंडातून लाळ. एक पाचवीतली हाये, लहानशी, तिले डोळेच उघडता येऊन नाही राह्यले."

जगदेव ओट्यावर बसला होता. त्यानं मान वर करून बायकोकडे पाहिलं. त्याला मंगळवारचं काही माहीत नव्हतं. पण लाळ आणि घाम हे दोन शब्द त्याच्या अंगावरून गेलेले होते. गिरजाबाईनं नजर जमिनीवर खिळवली. भागवत बोलतच होता.

"अन्न प्रशासनाच्या बाई निघाल्या. चारपर्यंत पोचतीन. वावरातला नमुना घेतीन, नोंदी पाहतीन. मी आताच सगळं पाहून आलो. तुमची नोंद साफ हाये काकू. निंबोळी, तीन टाक्या, मंगळवार सकाळ. एकच गोष्ट..." त्यानं तो मोठा मोबाइल तिच्यासमोर धरला. पडद्यावर डोंगरासारखी एक रेघ होती आणि मधेच ती एकदम खाली पडून सपाट झाली होती. "मंगळवारी सकाळी सात चाळीसपासून दोन तास खांबानं उजेड शून्य दाखवला. दिवसाढवळ्या अंधार. पानाची पट्टीबी कोरडीच राह्यली. तुमी तर त्याच वेळी फवारलं असं लिहिलं हाये. मंग पट्टी ओली कशी नाही झाली?"

बकरी दोरीला हिसके देत होती.

भागवतनं गिरजाबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग निकिताकडे, मग पुन्हा पडद्याकडे. त्याला कळलं. त्यानं पडदा बंद केला आणि आवाज खाली आणला.

"मी काही इचारलं नाही. खांब कधी कधी बिघडते. रिपोर्ट यायले दहा-बारा दिवस लागतात, तवपर्यंत पोरी बऱ्या होऊन घरी जातीन. तुमी बाईसमोर निंबोळीच म्हना, तिच्याबाहेर शब्द काढू नोका. तुमच्या एकटीचं नाही हे, दोनशे घराईचा माल बंद होईन." एवढं बोलून तो बाईंची गाडी पाहायला रस्त्यावर गेला.

गिरजाबाई उठली आणि वावराकडे चालू लागली. कोठ्यात शिरून आढ्यातून बाटली काढली. मागं जगदेव दारात येऊन उभा राहिला. त्याचा हात चौकटीवर थरथरत होता.

"हेच मारलं?"

तिनं मान हलवली.

"हिरीत टाक. नाहीतर थांब, मी गाडतो. कुदळ आनतो."

बाटली हातात घेऊन ती विहिरीच्या काठापर्यंत गेली. खाली पाणी काळं दिसत होतं. हात उचलला. एकदा टाकली की संपलं. बाई येतील, नमुना नेतील, बारा दिवस जातील. पण त्या पाचवीतल्या मुलीचे डोळे तिला दिसू लागले. मुलगी तिनं पाहिलीच नव्हती, म्हणून तिच्या चेहऱ्याच्या जागी जगदेवचा चेहरा होता, आणि त्याच्या छातीवर हात दाबत डॉक्टर विचारत होता, बाटली आणली का, बाटली. तीन तास. जगदेव तेव्हा पन्नाशीचा, धडधाकट गडी होता. दहा वर्षांच्या पोरीकडे किती तास असतात?

तिला अशी भीती वाटली की विहिरीचा काठ सोडून ती दोन पावलं मागं सरली.

घरी आली तेव्हा निकिता स्कुटीजवळ उभी होती. तिची नजर बाटलीवर गेली.

"तुमी मले निंबोळी म्हनलं होतं."

"हाव."

"त्याच्यावर माह्या बोटानं लिहिलं हाये. माह्या मोबाइलवरून गेलं हाये."

"हाव. मी सांगन सगळ्याईले, तुले काही माहीत नव्हतं म्हनून."

"कोन मानीन?" निकितानं विचारलं. मग तिनं किल्ली लावली आणि समोर पाहूनच म्हणाली, "बसा."

तालुक्यापर्यंतचा रस्ता अर्ध्या तासाचा. गिरजाबाई बाटली दोन्ही हातांत पोटाशी धरून मागं बसली होती. झाकण सैल तर नाही ना, म्हणून तिनं पाच वेळा दाबून पाहिलं. अर्ध्यावर समोरून सरकारी गाडी आली, धूळ उडवत रिठदकडे निघून गेली. आपल्याच घरी जाऊन राह्यली, हे तिला कळलं. लोक मारतील. पोलीस बसवून ठेवतील. हर्षलला गोदामात कोणीतरी सांगेल की तुझ्या मायनं पोरींना विष घातलं. यातलं काहीही होऊ दे, पण आपण पोचायच्या आत त्या पोरीला काही होऊ नये, असं ती स्वतःशी पुटपुटत होती. नेमकं कोणाला सांगत होती ते तिलाही माहीत नव्हतं.

दवाखान्याच्या फाटकाशी गर्दी होती. मुलींचे आईबाप, वसतिगृहाच्या बाई, दोन शिपाई. कोणीतरी मोठ्यानं म्हणत होतं, "ज्यानं भाजी देल्ली त्याले आनून इथं उभा करा." गिरजाबाई फाटकाशीच थांबली. निकितानं तिचा दंड धरला आणि गर्दीतून वाट काढत आत नेलं.

आत एक तरुण डॉक्टरीण होती, योगिनी नावाची, कानाला नळी, केस विस्कटलेले. गिरजाबाईनं पन्नी सोडून बाटली तिच्यासमोर धरली.

"मावशी, हे काय? कोणी घेतलंय का हे?"

"कोनी नाही घेतलं. मी भाजीवर मारलं होतं. आज त्या पोरीईनं खाल्ली ते मेथी माह्यी हाये."

डॉक्टरणीनं बाटली घेऊन वरचं नाव वाचलं. "कधी मारलं?"

"मंगळवारी सकाळी."

"किती?"

"मोजलं नाही."

डॉक्टरीण वळली ती धावतच. "सिस्टर, टॉर्च आणा. एकेकीच्या बाहुल्या बघा, आणि ॲट्रोपीनची इंजेक्शनं किती आहेत ते सांगा. त्या लहानीला आधी. ॲम्ब्युलन्स उभी करा, वाशिमला कळवा." दार झुलत राहिलं. फटीतून गिरजाबाईला एक खाट दिसली आणि खाटेवरून खाली लोंबणारा एक बारीक पाय. त्यात काळा दोरा होता.

ती बाहेरच्या बाकावर बसली. निकिता लांब खिडकीशी उभी राहिली, पाठ करून. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती, कामाचं लुगडं, पायाला चिखल. वावरातून तशीच आलेली. तिनं पाण्याची बाटली गिरजाबाईपुढं सरकवली.

"प्या बाई. तुमचं तोंड कोरडं पडलं. तुमची कोन हाये आत?"

गिरजाबाईनं आतल्या दाराकडे पाहिलं.

"माह्यी अंजू हाये. पाचवीत. आमी केनवडचे. मी रंगूबाई." ती आपणहून बोलत राहिली. न बोलता बसणं तिला जमत नव्हतं. "सकाळी बाईच्या फोनवरून बोलली माह्याशी. आज मेथी हाये म्हने माय. तिले लय आवडते. घरी बी भाकरीवर नुसती मेथी घेऊन फिरते. दोनदा मांगून खाल्ली असंन तिनं."

आतून कोणीतरी ओकत असल्याचा आवाज आला. गिरजाबाईनं बाकाची कड धरली. गप्प राहता आलं असतं. डॉक्टरला सांगून झालं होतं, औषध सुरू झालं होतं, आता कोणाला काय सांगायचं बाकी नव्हतं. पण ते पाणी समोर होतं.

"बाई, ते मेथी माह्यी होती."

"म्हंजे?"

"मी पिकवली. किडा होता म्हनून त्याच्यावर कपाशीचं औषध मारलं. इतकं होईन असं मले माहीत नव्हतं."

रंगूबाई तिच्याकडे पाहत राहिली. हात उगारेल, शिवी देईल, गर्दीला हाक मारेल, याची गिरजाबाई वाट पाहत होती. तिनं खांदे आकसून घेतले होते. रंगूबाईनं पाण्याची बाटली उचलली, उठली आणि आतल्या दाराशी जाऊन फरशीवर बसली, दाराकडे तोंड करून. बाकाकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. गिरजाबाईला वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं अंजूला स्ट्रेचरवरून बाहेर आणलं. तोंडावर नळी, ओठ निळसर. ॲम्ब्युलन्स निघाली. मागं बसलेल्या रंगूबाईचा हात दार लागेपर्यंत दिसत होता.

अन्न प्रशासनाच्या बाई रिठदहून परत दवाखान्यात आल्या तेव्हा साडेपाच वाजले होते. त्यांच्या मागं भागवत होता, मान खाली घालून. बाईंनी कागद मांडीवर घेतला.

"तुमची नोंद स्वच्छ होती. तुम्ही बोलला नसता तर रिपोर्ट येईपर्यंत आम्हाला काहीच कळलं नसतं. हे माहीत आहे तुम्हाला?"

"हाव."

"खांब कोणी झाकला?"

"मीनंच. पोतं टाकलं. निकितानं मी सांगतलं तसं लिहिलं. तिले माहीत नव्हतं. भागवतलेबी माहीत नव्हतं."

भागवतनं मान वर केली आणि परत खाली घातली. बाईंनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण लिहिलं ते गिरजाबाई बोलली तेवढंच. तिनं सही केली. चार अक्षरं लिहायला तिला खूप वेळ लागला.

दहा मुली दुसऱ्या दिवशी उठून बसल्या. अंजूला वाशिमला दोन दिवस नळी होती. ते दोन दिवस गिरजाबाई चुलीपाशी बसून राहिली. कोणी दारात आलं की ती उठून उभी राहायची. अंजू गेली हे सांगायलाच कोणीतरी आलं, असं तिला प्रत्येक वेळी वाटायचं. दूधवाला आला तरी. तिसऱ्या दिवशी योगिनी डॉक्टरांनी निकिताच्या मोबाइलवर फोन करून सांगितलं, पोरीनं डोळे उघडले, आईला ओळखलं, खायला मागते आहे. गिरजाबाईनं ते ऐकलं आणि तोंडात पदर कोंबून रडली. जगदेव तिच्याजवळ येऊन बसला.

रिपोर्ट तेराव्या दिवशी आला. मेथीत ते औषध निघालं, चालतं त्याच्या कित्येक पट. गिरजाबाईवर खटला उभा राहिला, तारखा पडू लागल्या. कंपनीनं तिचा क्रमांक बंद केला. महिनाभर कोणाचीच भाजी वसतिगृहात गेली नाही, आणि त्या महिन्यात गावातल्या बाया तिच्याशी बोलल्या नाहीत. पाणवठ्यावर एकीनं तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "सांगाची काय गरज होती इले? कोन पाहून राह्यलं होतं?" कंपनीनं सगळ्या खांबांना एक नवीन सोय केली. खांबावर काही टाकलं की भागवतचा फोन लगेच वाजतो. भागवत आता वावरात आला की रामराम करतो, पण जास्त थांबत नाही. निकिता कामाचं तेवढं बोलायची. हर्षल आला तेव्हा तिनं त्याला काय सांगितलं ते गिरजाबाईनं विचारलं नाही.

चैत्रात कंपनीनं तिला पुन्हा घेतलं. अट होती, प्रत्येक तोड तपासून मगच जाईल. तिनं निंबोळीशिवाय काही हातात घेतलं नव्हतं, तेही भागवतच्या समोर. तपासणीचा कागद आला, साफ होता. तरी गाडी यायच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं त्याच वाफ्यातली एक जुडी उपटली, भाजी केली आणि एकटीच ताट घेऊन बसली. दुपारपर्यंत आपल्याला घाम फुटतो का, डोळे जड होतात का, ते पाहायचं तिनं ठरवलं होतं. पहिला घास तिच्या हातातच राहिला.

निकिता चुलीपाशी आली आणि आपलं ताट पुढं केलं.

"मलेबी वाढा."

"तू नको खाऊ. मले आधी पाहू दे."

"काहून? मी नोको खाऊ, मंग लोकाईच्या पोरीईनं कायले खाव?"

गिरजाबाईनं वाढलं. दोघी समोरासमोर बसून जेवल्या. मेथी कशी झाली होती, ते गिरजाबाईला कळलं नाही. ती घासागणिक सुनेच्या डोळ्यांकडे पाहत होती.